मम्मं, भुर्र आणि ‘मी करलं’

माझं माहेर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आणि सासर तिथून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे भावाच्या मुलीच्या बारशाला आत्याचं काम करायला मी सकाळपासूनच हजर होते. पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं आणि ‘कुर्रर्र’ केलं. रीतीप्रमाणे पाठीत बायकांचे धपाटे बसले. बाळाची चुळबुळ एकदम थांबली, डोळे एका जागी खिळले. मग बाजूला बसलेली वहिनी कुणाशी तरी दोन शब्द बोलली आणि बाळाचे ओठ चुटूचुटू हलायला लागले.

“बारा दिवसांच्या जिवाला काय कळतंय त्यातलं,” गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या.

कळतं. आईच्या पोटात असताना, शेवटच्या तीनेक महिन्यांत, बाळाचा कान काम करू लागलेला असतो. शब्द तिथवर नीट पोचत नाहीत. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसे ते धूसर होतात. पण बोलण्याची लय, तिचे चढउतार आणि आईचा आवाज पोचतो. डिकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० साली हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. जन्मून जेमतेम दोन-तीन दिवस झालेल्या बाळांच्या तोंडात त्यांनी चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागे, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज लागेल अशी चोखू लागली. पुढं २००९ साली नवजात बाळांचं रडणंच मोजलं गेलं. फ्रेंच आयांच्या बाळांचा सूर चढत जात होता, जर्मन आयांच्या बाळांचा उतरत. त्या दोन भाषा बोलण्याची ढबही तशीच आहे. म्हणजे पहिल्या शब्दाच्या वर्षभर आधी, रडण्यातच, घरच्या भाषेची चाल लागलेली असते.

ती भाची आता चार वर्षांची आहे. ती बोलायला लागल्यापासून मी तिचे शब्द एका वहीत टिपत आले. सुरुवातीला नुसत्या हौसेनं. नंतर लक्षात आलं की ज्याला आपण ‘बोबडं’ म्हणून हसण्यावारी नेतो, त्यात विलक्षण शिस्त आहे. आणि त्या शिस्तीला हात देणारी यंत्रणा आपल्या स्वयंपाकघरात, उंबऱ्यावर, पाळण्याच्या दोरीपाशी कित्येक पिढ्या तयार आहे.

आधी कानाची गोष्ट. मराठी घरातल्या बाळाला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू यावेत यात आपल्याला नवल वाटत नाही. नवल असं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा महिन्यांच्या बाळालाही ते वेगळे ऐकू येतात, आणि त्याच्या आईवडिलांना मात्र येत नाहीत. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले हेच उच्चार घेऊन १९८४ साली केलेलं काम या विषयातलं गाजलेलं काम आहे. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी बाळांनी फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ येईनासा झाला. जन्मतः बाळाचा कान साऱ्या जगाचा असतो. वर्षाच्या आत तो घरचा होतो. घरात जे उच्चार रोज लागतात त्यांना तो धार लावतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

तोंडाचा प्रवास मागून सुरू होतो. सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशी माळ लागते. ओठ मिटायचे आणि उघडायचे, किंवा जीभ दातामागं टेकवायची आणि सोडायची, एवढंच त्यात असतं. आता आपली नाती आठवा: बाबा, मामा, दादा, नाना, आबा, ताई. बाळाला जे अक्षर आधी जमतं ते जवळच्या माणसानं आपलं नाव म्हणून घेतलं आहे. रोमन याकबसन या थोर भाषावैज्ञानिकानं जगभरच्या भाषांत आईबापांची नावं इतकी सारखी का, याचं हेच कारण दिलं. चोखताना तोंड भरलेलं असतं, आवाज नाकातून निघतो आणि तो ‘म्म्’ असा येतो. तोच पुढं अन्नाची आणि आईची हाक होतो, असं त्याचं म्हणणं. मराठीत ‘मामा’ आईच्या भावाला गेला आणि ‘मम्मं’ जेवणाला. आईला आपण व्यंजनच ठेवलं नाही, नुसते दोन स्वर. काकाला मात्र बरेच दिवस ‘ताता’वर भागवावं लागतं, कारण ‘क’साठी जीभ मागं उचलावी लागते आणि लहान मूल शब्दात ती पुढंच टेकवतं. आमच्याकडं ‘गाडी’ची ‘दाडी’ होती, ‘केळं’ ‘तेयं’ होतं. ‘र’ आणि ‘ळ’ सगळ्यांत उशिरा येतात. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ते अडखळले तरी सहसा काळजीचं कारण नसतं.

आता त्या यंत्रणेकडं येते. मम्मं, दुदू, भुर्र, बाऊ, हम्मा, माऊ, भूभू, चिऊ, काऊ, आंगो, गाईगाई, जोजो, शी, शू, पापा. हे शब्द बाळानं तयार केलेले नाहीत. ते मोठ्यांनी बाळासाठी तयार केले आणि मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांच्याकडं नीट पाहणारा एक मराठी माणूस होता: अशोक रामचंद्र केळकर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले भाषावैज्ञानिक. त्यांनी १९६४ साली मराठीतल्या या बाळबोलीवर इंग्रजीत स्वतंत्र लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी अभ्यासकानं जगातल्या सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना छापली. त्या सहांत इंग्रजी, स्पॅनिश आणि अरबीबरोबर मराठी होती, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कोमांची होती आणि सायबेरियाच्या पूर्व टोकाची गिल्याक होती. एकमेकींहून इतक्या वेगळ्या असलेल्या या भाषांनी बाळाशी बोलायची पद्धत मात्र सारखीच ठेवली होती. अक्षर दोनदा म्हणायचं. जोडाक्षर टाळायचं. ओठांचे आणि नाकातले आवाज जास्त घ्यायचे. सूर उंच ठेवायचा, वेग कमी करायचा. आणि शब्द कशाचे ठेवायचे, तर खाण्याचे, अंगाचे, जनावरांचे, झोपेचे, जवळच्या माणसांचे.

मराठीनं त्यात एक फार उपयोगी युक्ती केली आहे आणि ती मला वहीतले शब्द वाचताना सापडली. मोठ्यांच्या भाषेत जेवणे, झोपणे, नाहणे ही वेगवेगळी क्रियापदं. प्रत्येकाची रूपं निराळी. बाळाशी बोलताना आपण ती सगळी बाजूला ठेवतो आणि एकच क्रियापद वापरतो. मम्मं करायचं, गाईगाई करायचं, आंगो करायची, शू करायची, पापा द्यायचा असे थोडेच अपवाद. त्यामुळे बाळाला पहिल्यांदा एकच नवी गोष्ट धरावी लागते, कामाचं नाव. वाक्याची चौकट ठरलेली. एका हातानं चौकट धरून दुसऱ्या हातानं तिच्यात शब्द बदलत राहायचे. भाषेचं व्याकरण शिकवायला याहून सोपी सुरुवात मला सुचत नाही.

जेवणाच्या वेळी हेच पुढं चालतं. एक घास काऊचा, एक चिऊचा, एक आज्जीचा, एक दादाचा. आपलं लक्ष वाटी रिकामी होण्याकडं असतं. पण पाच मिनिटांत बाळाच्या कानावर ‘चा’ हा प्रत्यय दहा वेळा पडतो. प्रत्येक वेळी त्याच्या आधीचा शब्द बदललेला आणि ‘चा’ तसाच. मालकी दाखवणारा प्रत्यय सुटा करून दाखवायचा असता तर एखाद्या व्याकरणकारानं हेच केलं असतं. चिऊ-काऊची गोष्टही तशीच. पावसात भिजलेला काऊ दार वाजवतो आणि चिऊ त्याला दरवेळी थांबायला सांगते, कारण तिच्या बाळाचं काही ना काही चाललेलं असतं: न्हाणं, अंग पुसणं, अंगडं घालणं, तीट लावणं. ऐकणाऱ्या मुलाचा सकाळचा सगळा दिनक्रमच त्या गोष्टीत ओळीनं लावलेला आहे. मूल ज्या कामांतून नुकतंच गेलं त्यांचीच नावं त्याला त्याच क्रमानं पुन्हा ऐकायला मिळतात. भाची दीड वर्षाची असताना ‘काय करतेय चिऊ?’ असं विचारून मी थांबले की ती ‘आंगो’ म्हणायची. गोष्टीत तिला बोलायची जागा मिळाली होती.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. बाळबोलीवाचूनही मुलं बोलायला शिकतात. पापुआ न्यू गिनीमधल्या कलुली लोकांत मोठी माणसं बाळाशी असं लाडिक बोलत नाहीत, हे एलिनॉर ओक्स आणि बँबी शीफलिन यांनी नोंदवलं आहे, आणि तिथली मुलंही वेळेवर बोलतात. तेव्हा ‘मम्मं’ म्हटलं नाही म्हणून मूल मागं पडणार नाही, आणि म्हटलं म्हणून ते बोबडं राहणारही नाही. पण ज्या घरात ही बोली आहे तिथं ती उचलून टाकण्याचं काही कारण नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. भाऊ तिथं रोजचा. भाची दहा महिन्यांची असल्यापासून त्याच्या कडेवर. एका संध्याकाळी तिनं म्हशीकडं बोट केलं आणि मग भावाच्या तोंडाकडं पाहिलं. पुन्हा म्हशीकडं, पुन्हा तोंडाकडं. भाऊ म्हणाला, “व्हय, म्हस हाय ती. म्हस. किती मोठ्ठी हाय बघ.” एवढंच झालं. पण बाळाच्या आयुष्यातली ही फार मोठी घडामोड असते. तोवर त्याचं जग दोघांचं असतं, एक तर ते आणि माणूस, नाही तर ते आणि वस्तू. बोट केल्यावर पहिल्यांदा तिघांचं जग तयार होतं. मी पाहतोय ते तूही पाहा, आणि काय ते सांग. नवा शब्द रुजायला सगळ्यांत चांगली वेळ हीच, कारण मुलाचं लक्ष आधीच तिथं असतं. आपण त्याला आपल्याकडं ओढून ‘हे बघ, हे काय?’ असं विचारतो त्यापेक्षा ते पाहतंय त्याचं नाव सांगणं कितीतरी पटींनी फळतं.

ती म्हस पुढं सहा महिने ‘हम्मा’ होती. गाय हम्मा, म्हस हम्मा, पंचगंगेच्या घाटावर दिसलेलं घोडं हम्मा. मुलाच्या हातात शब्द थोडे असतात आणि जग मोठं. मग जवळचा शब्द ते ताणून वापरतं. पण “म्हस कुठाय?” विचारलं तर ती बरोबर म्हशीकडंच पाहायची. समज नेहमी बोलण्याच्या बरीच पुढं असते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, तेव्हा त्या मुलाला पन्नासेक शब्द कळत असू शकतात. दीड ते दोनच्या दरम्यान शब्दांना शब्द जोडले जातात. ‘बाबा भुर्र’, ‘दुदू दे’, ‘आज्जी ये’.

आणि मग ‘नको’ येतं. या एका शब्दानं घरातली माणसं रडकुंडीला येतात, पण मराठीच्या दृष्टीनं तो मोठा नाजूक शब्द आहे. लोइस ब्लूम या अमेरिकी बाईंनी १९७० साली लहान मुलांच्या नकारावर लिहिलं, तेव्हा त्यांना इंग्रजीतल्या एकाच ‘नो’च्या आत तीन वेगळी कामं सापडली: एखादी गोष्ट नसणं, ती नाकारणं आणि ती खोटी आहे असं सांगणं. मराठी मुलाला यांतली एक तरी फाळणी शब्दांतच मिळते. माझ्या वहीत वीस महिन्यांच्या भाचीची वाक्यं आहेत. रिकामा पेला दाखवून ‘दुदू नाई’. भरलेला पेला ढकलून ‘दुदू नको’. आणि दुसऱ्या वाढदिवसानंतर, वाटीत बोट बुडवून, भुवया चढवून: ‘हे दुदू नाई. ताक.’ तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड. त्यात समोरच्याचं म्हणणं डोक्यात धरून ते खोडून काढायचं असतं. आज्जीचं ‘न्हवं’ तिला पुढं मिळालं, आणि मग ती प्रत्येक गोष्टीला ‘न्हवं’ म्हणत फिरू लागली.

अशीच दुसरी जोडी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची. हिंदीचं ‘हम’ ऐकणारा त्यात आहे की नाही हे सांगत नाही. मराठी सांगते. भाऊ “आम्ही रंकाळ्यावर जाऊन येतो” म्हणाला की भाची भोकाड पसरायची. “आपण रंकाळ्यावर जाऊया” म्हणाला की चपला शोधायला धावायची. अडीच वर्षांची होती तेव्हा. कुणी तिला हा फरक समजावून सांगितला नव्हता. काळाचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. होऊन गेलेलं सगळं ‘काल’, मग ते गेल्या दिवाळीतलं का असेना. तिला दोष देता येत नाही, आपणही ‘परवा’ या एकाच शब्दानं मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस सांगतो आणि बाकीचं क्रियापदावर सोपवतो.

तिसऱ्या वर्षी तिनं ‘मी करलं’ म्हणायला सुरुवात केली. आज्जीला वाईट वाटलं, कारण त्याआधी कित्येक महिने ती स्वच्छ ‘केलं’ म्हणत होती. “पोरगी मागं चालल्या का पुढं?” आई मला म्हणाली. पुढं. आधीचं ‘केलं’ पाठ झालेलं होतं, पोपटानं उचलावं तसं. मग तिच्या लक्षात आलं की बस-बसलं, हस-हसलं, पड-पडलं असा एक कायदा आहे. तो तिनं सगळीकडं लावून पाहिला: कर-करलं, दे-देलं, घे-घेलं, बघ-बघलं. ‘करलं’ घरात कुणीही म्हणत नव्हतं. ते तिनं ऐकलेलं नाही, हिशोबानं काढलं. मुलं नुसती नक्कल करून भाषा शिकत नाहीत याचा याहून चांगला पुरावा नाही, आणि जगभर अशाच चुकांवरून तो दिला गेला आहे. काही महिन्यांनी ‘केलं’ परत आलं, पण या वेळी ते अपवाद म्हणून समजून आलं. त्या दिवसांत आम्ही तिला ‘चुकलीस’ म्हटलं नाही. ती ‘मी करलं’ म्हणाली की वहिनी म्हणायची, “तू केलंस होय? सगळं तू केलंस?” मुलाचंच वाक्य नीट करून त्याला प्रश्नासारखं परत द्यायचं. बोलणं तुटत नाही आणि बरोबर रूप कानावर पडतं.

या यादीत ‘म्हण-म्हणलं’ही होतं आणि तिथं माझा हात थांबला. पुस्तकात ‘म्हटलं’ असतं. कोल्हापुरात आम्ही सगळे ‘म्हणलं’च म्हणतो. मग ती चूक कशी?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता भाचीचा नाही. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. माझी आई आयुष्यभर तसं बोलली. मीही माहेरी पाऊल टाकताना ‘आलो गं’ म्हणते आणि लिहायला बसले की ‘आले’ लिहिते. लहानपणी वर्गात ‘मी आलो बाई’ म्हटल्यावर मुली हसल्या होत्या, तो दिवस मला आठवतो. त्यानंतर पुष्कळ दिवस मी वर्गात बोललेच नाही. भाचीच्या कानावर आज्जीचं ‘मी जातो’ आणि बालवाडीतल्या बाईंचं ‘मी जाते’ दोन्ही पडतात. चार वर्षांचं मूल कुणाशी कसं बोलायचं हे ओळखू शकतं, आणि ती ओळखते. घरात ‘मी जेवलो’, बाईंसमोर ‘मी जेवले’. तिला दोन कपाटं मिळाली आहेत. एकावर ‘अशुद्ध’ अशी चिठ्ठी आपण चिकटवली नाही तर ती दोन्ही उघडत राहील.

कोल्हापूरला हा विचार नवा नसावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा ज्यांच्या घरात पाटी-पुस्तक कधी आलंच नव्हतं अशी मुलं शाळेच्या दारात उभी राहिली. घरून आणलेली बोली हीच त्यांची शिदोरी होती. पुढं १९८५ साली लीलाताई पाटील यांनी याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाच्या अनुभवातून, त्याच्या बोलण्यातून, परिसरातून शिकणं वाढत गेलं पाहिजे या आग्रहावर ती मराठी शाळा उभी राहिली. घरात मूल जसं शिकतं त्याच्याशी नातं न तोडणारी शाळा असू शकते हे त्यांनी दाखवलं.

उलटा अनुभवही आमच्या घरानं घेतला. भाचीला तीन वर्षं होत आली तेव्हा एका शाळेत चौकशीला गेलेल्या भावाला आणि वहिनीला सांगण्यात आलं, “घरी आतापासून इंग्रजीतच बोला.” दोघांनी मनापासून प्रयत्न केला. एका आठवड्यात घरातला आवाज कमी झाला. वहिनी एरवी पोळ्या लाटताना मुलीशी सतत काहीतरी बोलत असते, पिठाचं, मुंगीचं, भांडणाचं, माहेरच्या विहिरीचं. आता ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘गुड’ एवढंच उरलं. मुलगी प्रश्न विचारायची आणि उत्तर सापडेपर्यंत वहिनी गप्प. आठव्या दिवशी तिनंच हे थांबवलं.

तिचं मन जे सांगत होतं त्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत २०१८ साली रेचल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय घडतं ते पाहिलं. मुलानं किती शब्द ऐकले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवघेव किती झाली, याचा मेंदूच्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. देवघेव ज्या भाषेत मोकळेपणी होते ती भाषा घरात हवी. इंग्रजी शिकायला पुढं पुष्कळ वर्षं आहेत. शिवाय दोन भाषांनी मूल गोंधळतं हीही भीती नको. कागल ओलांडलं की निपाणी. या सगळ्या सीमाभागात मराठी-कानडी दोन्ही बोलणारी मुलं घराघरांत आहेत. दोन भाषांची मुलं एकेका भाषेत थोडे कमी शब्द बोलताना दिसतात, पण दोन्हींची बेरीज केली की ती मागं नसतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींच्या समोर माणूस बसून खेळत, बोलत होतं. काहींनी तेच पडद्यावर पाहिलं. समोर माणूस होतं त्या बाळांना चिनी उच्चार ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्यांना काहीच लाभलं नाही. पडदा बोट कुठं केलंय ते पाहत नाही आणि ‘व्हय, म्हस हाय ती’ म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असं सांगितलं आहे. परगावी असलेल्या आजोबांशी व्हिडिओवर बोलणं यात धरू नये, त्यात पलीकडचं माणूस उत्तर देतं.

आणखी एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे, कारण त्यात वेळ वाया जातो. मूल उशिरा बोलायला लागलं की आपल्याकडं जिभेला वेखंड लावतात, मध चाटवतात, जीभ चिकटली आहे म्हणतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये; त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही बाळांना अंगावर पिणं अवघड जातं, पण बोलणं सुरूच न होण्याचं कारण सहसा ते नसतं. बघायचा असतो तो कान. हजारात एक ते तीन बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मतात आणि झोपलेल्या बाळाची काही मिनिटांत होणारी तपासणी तो दाखवून देते. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट करणं नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोड नाही. किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात गेलं, तर ‘त्याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञाकडं जावं आणि कान तपासून घ्यावेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांचीही ही तपासणी येते. लवकर कळलेल्या दोषावर यंत्र आणि उपचार मिळाले तर मूल भाषेची वाट धरतं. चौथ्या वर्षी कळलं तर फार उशीर झालेला असतो.

परवा, मागच्या परवा, मी माहेरी गेले होते. शेजारच्या घरात सहा महिन्यांचं बाळ आलं आहे. भाची त्याच्या पाळण्याशी उभी होती. खिडकीत मांजर बसलं होतं. आधी ती माझ्याकडं वळून म्हणाली, “आत्या, ते मांजर रोज येतं, आणि त्याच्या पायाला लागलंय.” अख्खं वाक्य, मधे ‘आणि’ घालून, ‘मांजर’ नपुंसकलिंगी, ‘पायाला’चा प्रत्यय जागच्या जागी. मग ती पाळण्यात वाकली, आवाज उंच केला, अगदी सावकाश म्हणाली, “माऊ बघ, माऊ. माऊला बाऊ झालाय.”

चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलांशी बोलताना वाक्यं आपसूक आखूड करतात, हे मॅरिलिन शॅट्झ आणि रॉशेल गेलमन यांनी १९७३ सालीच लिहून ठेवलं आहे. मला ते ठाऊक होतं. तरी मी दारातच थांबले. बाळानं पाय हलवायचे थांबवले होते आणि तिच्या तोंडाकडं पाहत होतं.